संधानपात्र : सूक्ष्मजीवांचा देश

२०१३ सालच्या वर्षा ऋतूत आमच्या औषधनिर्मितीशाळेतील दशमूलारिष्टाचे दोनशे लिटर संधान आंबले. काढा नेहमीचाच होता, गूळ नेहमीचाच, धातकीपुष्पेही त्याच व्यापाऱ्याकडची. बदलले होते ते पात्र. वीस वर्षे वापरातील सागवानी पिंपे बाजूस सारून आम्ही पोलादी टाक्या घेतल्या होत्या. आठ दिवस टाकीतून बुडबुड्यांचा ध्वनीही आला नाही. ‘संधान लागले नाही’ या चिंतेने आम्ही दिवसातून दोनदा झाकण उघडून पाहू लागलो. पुढे ते मंदपणे सुरू झाले खरे; परंतु महिन्याअखेरीस टाकीतून शुक्ताचाच उग्र वास आला.

या हानीचे कारण शोधताना आमच्या वाचनात डच शास्त्रज्ञ बास बेकिंग यांचा १९३४ सालचा विचार आला. त्यांच्या मते सूक्ष्मजीव सर्वत्र पोहोचतच असतात. त्यांपैकी कोणी नांदावे, हे त्या त्या ठिकाणची परिस्थिती ठरविते. जांगल, आनूप व साधारण देशांचा विचार करूनच औषधी व रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास हे परके वाटू नये. संधानपात्र हाही एक देशच होय, आणि तो आपण स्वतः निर्माण करतो.

शार्ङ्गधरांनी मान न सांगितलेल्या अरिष्टांसाठी द्रोणभर द्रवास एक तुला गूळ, गुळाच्या निम्मा मध व दशांश प्रक्षेप असे प्रमाण दिले आहे. एवढ्या गोडव्यात बहुतेक जीवाणूंच्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते व त्यांची वाढ खुंटते. किण्व मात्र तेथे तग धरते. मधात सुमारे १८ टक्केच पाणी असते. त्यातही काही शर्करासहिष्णु किण्वे सुप्तावस्थेत जिवंत राहतात आणि मध काढ्यात मिसळून पातळ होताच जागी होतात. धातकीच्या फुलांतील मधुरसावरही किण्वे वसलेली असतात. म्हणूनच काढा पुरता निवण्यापूर्वी फुले टाकणे म्हणजे ती किण्वे शिजविणे होय. घाईच्या दिवसांत ही चूक किती ठिकाणी होते, हे व्यवसायबंधू जाणतातच!

मद्य निर्माण होऊ लागले की हा देश पालटतो. द्राक्षरसाच्या नैसर्गिक किण्वनात आरंभीची पुष्कळशी रानटी किण्वे मद्यांश वाढू लागताच मागे पडतात व सॅकरोमायसीस पुढे येते. ॲसिटोबॅक्टर या जीवाणूस मद्य हे खाद्यच. परंतु त्यास हवा अत्यावश्यक असते. संधानातून निघणारा कर्बवायू पृष्ठभागावर दाटून राहिला, तर त्यास तेथे थारा मिळत नाही. आम्ही दिवसातून दोनदा झाकण उघडून ते आवरणच घालवीत होतो. संधिबंधनाचा एवढा आग्रह का, हे आम्हांस दोनशे लिटर गमावल्यावर कळले. धान्यराशीत पात्र पुरण्याचे तेच. किण्वास २५ ते ३० अंश सेल्सिअस उष्णता मानवते आणि धान्य ती रात्रंदिवस सारखी राखते. पातळ पत्र्याची टाकी पावसाळी रात्री गार पडते.

तथापि बास बेकिंग यांच्या विचाराने पिंपाचे कोडे पुरते सुटत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात कामचाटका, आइसलंड व अमेरिका येथील उष्ण, आम्ल झऱ्यांतील सल्फोलोबस हे सूक्ष्मजीव तपासले गेले. अधिवास सारखे असूनही दूरदूरच्या झऱ्यांतील त्यांचे वंश निरनिराळे आढळले. म्हणजे योग्य जागा असणे पुरत नाही, तेथे पोहोचावेही लागते. लाकडाच्या छिद्रांत मागील संधानाचे किण्व दडून राहते, तेच पुढच्या काढ्यास लागते. आमच्या धुतलेल्या, गुळगुळीत टाकीत असे कोणीच नव्हते. सारा भार जुन्या, कोरड्या फुलांवर पडला.

बाजारी यीस्ट घालणे हा सोपा उपाय, आणि अनेक जण तो करतात. आम्हांस तो रुचत नाही. गंध व रस एकसुरी होतो असा आमचा अनुभव आहे. टाक्या आम्ही ठेवल्या, कारण त्या स्वच्छ करणे सुलभ जाते. मात्र त्यांस बाहेरून तागाची पोती गुंडाळतो, फुले त्याच वर्षीची घेतो आणि झाकण उघडण्याऐवजी टाकीस कान लावतो. एक सागवानी पिंप अद्याप कोपऱ्यात चालू आहे. नवी टाकी भरली की त्यातील उसळते, गढूळ संधान चार-पाच लिटर काढून प्रथम तिच्यात ओततो.