नवशिके कोण?

करमाळ्याच्या पेठेत माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे दुकान आहे. दिवाळीच्या आधी तो एक यादी घेऊन घरी आला.

“सर, ही वाफेच्या सिगारेटींची यादी. नवशिक्यांसाठी साध्या, मुरलेल्यांसाठी भारी. कोणत्या ठेवू?”

यंत्र तसे साधेच. बॅटरीने तार तापते, निकोटीन मिसळलेल्या द्रवाची वाफ होते, ती ओढायची. होन लिक या चिनी औषधतज्ज्ञाने २००३ च्या सुमारास ते घडवले, ते सिगारेटला पर्याय म्हणून. पण धूर गेला तरी निकोटीन राहते, आणि सवयही!

मी म्हणालो, “अरे, निवडायचे काय त्यात? २०१९ च्या कायद्याने यांच्या विक्रीला देशभर बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद, नाहीतर १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. नुसता साठा सापडला तरी ६ महिन्यांपर्यंत आत!”

“पण सर, नफा फार आहे हो. हप्ते थकलेत.”

“असतील. पण तुझ्या दुकानावरून रोज शाळेची पोरे जातात. यादीतले ‘नवशिके’ ते हेच ना?”

तो बराच वेळ गप्प बसला. मग यादी तिथेच ठेवून उठला. तिच्या कोऱ्या पाठीवर आम्ही फराळाचे सामान लिहिले आणि त्याच्याच दुकानी पाठवले.