हनुक्का : आठ रात्रींचे दिवे आणि मुलांची भिंगरी

दिवाळी सरते, आकाशकंदील उतरतात, पणत्या धुऊन फळीवर जातात; आणि मग एके संध्याकाळीं आमच्या खिडकींत पुन्हां एक दिवा लागतो. दुसऱ्या दिवशीं दोन लागतात, तिसऱ्या दिवशीं तीन. शेजारचीं मुलें जिन्यावर थांबून विचारतात, "तुमची दिवाळी आतां कां? आणि रोज एकेक दिवा कां वाढतो?" प्रश्न साधा आहे, परंतु उत्तर देण्यास सुमारें २,२०० वर्षें मागें जावें लागतें. ह्या शाळेंत निरनिराळ्या धर्मांचीं मुलें एकाच बाकावर बसतात. सोबत्याच्या घरीं कोणता सण कां होतो हें एकमेकांस ठाऊक असावें, ह्या हेतूनें तें उत्तर आम्ही येथें थोड्या विस्तारानें देत आहों.

ह्या सणाचें नांव हनुक्का. शब्द इब्री असून त्याचा अर्थ समर्पण असा आहे. इ. स. पूर्वी २ऱ्या शतकांत यहूदीया प्रांतावर सिरियाचा ग्रीक राजा चौथा अंटायोकस ह्याची सत्ता होती. त्यानें यहुदी लोकांस शब्बाथ पाळण्यास व मुलांची सुंता करण्यास मनाई केली, आणि इ. स. पूर्वी १६७ मध्यें यरुशलेमच्या मंदिरांत परदेवतेची पूजा सुरू करविली. मोदीन गांवचा वृद्ध याजक मत्तथ्या ह्यानें हा हुकूम मानला नाहीं. तो आपल्या पांच पुत्रांसह डोंगरांत गेला. त्याच्या मृत्यूनंतर त्याचा पुत्र यहूदा मक्काबी पुढारी झाला, आणि इ. स. पूर्वी १६४ मध्यें त्यानें मंदिर परत मिळविलें. किसलेव महिन्याच्या २५ तारखेस मंदिराचें पुनःसमर्पण झालें व आठ दिवस उत्सव चालला. किसलेवाचा २५ वा दिवस इंग्रजी नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबरच्या अखेरीपर्यंत केव्हां तरी येतो.

दिव्यांची कथा ताल्मूदांत आहे. मंदिरांतील दीपवृक्ष लावावयास शुद्ध तेल शोधूं लागले, तों मुख्य याजकाची मोहोर शाबूत असलेली एकच कुपी सांपडली. तींत एका दिवसापुरतें तेल होतें. तें आठ दिवस पुरलें. मक्काबींच्या पहिल्या ग्रंथांत आठ दिवसांच्या उत्सवाचें वर्णन आहे, पण ह्या कुपीचा उल्लेख नाहीं, हेंही मुलांस सांगावें. कारण खरें सांगितल्यानें सणाची गोडी कमी होत नाहीं. ख्रिस्ती वाचकांस एक गोष्ट विशेष वाटेल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या १० व्या अध्यायांत येशू हिंवाळ्यांत मंदिरांतील शलमोनाच्या देवडींत फिरत होता असें सांगितलें आहे. तो सण हाच.

आतां घरची तयारी. हनुक्क्याची दिवटी धातूचीच हवी असें नाहीं. एक लांब फळी घ्यावी व तीवर आठ पणत्या एका ओळींत, सारख्या उंचीवर, ओल्या मातीनें बसवाव्या. नववी पणती उपड्या वाटीवर, म्हणजे इतरांहून उंच, ठेवावी. तिला शम्माश म्हणजे सेवक म्हणतात. तिच्यानें बाकीच्या लावावयाच्या. कापसाच्या वाती मुलांनीं वळाव्या. तेल नारळाचें चालतें. दिवे उजवीकडून डावीकडे मांडावे, पण लावतांना सर्वांत नवा दिवा आधीं लावावा. दिवे पडद्यापासून दूर असावे व शम्माश वडील माणसानें हातीं धरावा. आठ रात्रींत एकंदर दिवे किती लागतात हा हिशेब धाकट्यांस घालावा. शम्माश वगळून ३६ व धरून ४४ असें उत्तर आलें पाहिजे.

दिवे वाढवीत कां न्यावयाचे, ह्याविषयीं जुन्या काळीं वाद होता. शम्माईच्या संप्रदायाचें म्हणणें, पहिल्या रात्रीं आठ लावून रोज एक कमी करावा. हिल्लेलच्या संप्रदायाचें म्हणणें, एकापासून वाढवीत जावें, कारण पवित्र गोष्टींत चढावें, उतरूं नये. चाल हिल्लेलची पडली. ह्या दिव्यांच्या उजेडांत वाचावयाचें नाहीं कीं शिवावयाचें नाहीं. ते केवळ पाहण्यासाठीं. ते जळत आहेत तोंवर घरांतील स्त्रियांनीं काम करूं नये, अशीही जुनी रीत आहे. आमच्या घरांतील आया ही रीत फार कसोशीनें पाळतात.

हा मोकळा वेळ मुलांच्या खेळाचा. चौकोनी भिंगरीवर नून, गिमेल, हे व शीन हीं चार इब्री अक्षरें असतात. 'नेस गादोल हाया शाम', म्हणजे 'तेथें मोठा चमत्कार झाला', ह्या वाक्याच्या शब्दांचीं तीं आद्याक्षरें होत. भिंगरी घरीं करणें सोपें आहे. जाड पुठ्ठ्याचा २ इंच चौरस कापावा. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन रेघा माराव्या, म्हणजे चार त्रिकोण होतात. त्यांत न, ग, ह, श हीं अक्षरें लिहावीं. रेघा जेथें छेदतात तेथें भोंक पाडून टोंक काढलेली काडी घालावी. काडीचा एक तृतीयांश भाग खालीं राहूं द्यावा व खळीनें पक्का करावा. भोंक मध्यापासून ढळलें तर भिंगरी लंगडते. फिरून थांबली म्हणजे तिची एक कड जमिनीस टेकते. त्या कडेचें अक्षर धरावें.

प्रत्येकानें दहा चिंचोके घेऊन बसावें व एकेक मधल्या राशींत घालावा. मग पाळीपाळीनें भिंगरी फिरवावी. नून आलें तर कांहीं मिळत नाहीं; गिमेल आलें तर सारी रास मिळते; हे आलें तर निम्मी; शीन आलें तर पदरचा एक घालावा लागतो. रास संपली कीं सर्वांनीं पुन्हां एकेक घालावा. खेळ मूळचा जर्मन मुलुखांतला. तेथें ह्याच चार अक्षरांनीं 'कांहीं नाहीं, सर्व, अर्धें, घाल' असा बोध होई; चमत्काराचें वाक्य त्यांवर मागाहून बसविलें असें अभ्यासक मानतात. पैशांनीं मात्र हा खेळ खेळूं नये. सणानिमित्त मुलांस नाणीं देण्याची चाल आहे. त्यांतील कांहीं गरिबांसाठीं बाजूस काढावीं. तेलाची आठवण म्हणून तळलेला पदार्थ करितात. युरोपांतील घरांत बटाट्याच्या किसाचीं थालिपिठें तळतात, इस्राएलांत मुरंबा भरलेले गोल वडे.

येथें आमच्या बेने इस्राएल समाजाची हकीकत सांगितली पाहिजे. परंपरा अशी कीं, ह्याच अंटायोकसच्या छळाच्या सुमारास, इ. स. पूर्वी १७५ च्या आसपास, आमचे पूर्वज गलबतांतून निघाले. कोंकणांत नवगांवाजवळ गलबत फुटलें. सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या. ह्या काळाविषयीं इतिहासकारांचें एकमत नाहीं. पण त्यांच्या वंशजांनीं कोंकणांत तेलाचे घाणे चालविले व शनिवारीं घाणा बंद ठेविला, म्हणून त्यांस 'शनिवार तेली' म्हणूं लागले, हें सर्वश्रुत आहे. आश्चर्य असें कीं, ज्यांच्या अंगणांत रोज तेल गळत होतें त्यांसच हा तेलाचा सण ठाऊक नव्हता! परंपरेचें उत्तर सरळ आहे : ते निघाले तेव्हां मंदिर परत मिळालेंच नव्हतें. तरीही, जो शब्बाथ व जी सुंता राजानें बंद केली होती, तीं दोन्हीं त्यांनीं शतकानुशतकें सोडलीं नाहींत.

हनुक्का व इतर विसरलेले विधी ते पुढें शिकले, ते मुख्यत्वें कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांपासून. इब्री भाषेच्या कामीं मिशनरी शाळांचेंही साह्य झालें. मुंबईस डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ सालीं मराठींत इब्री भाषेचें व्याकरण प्रसिद्ध केलें. धर्मांतर फार थोड्यांनीं केलें. बहुतेकांनीं त्या विद्येनें आपलीच प्रार्थना अधिक समजून घेतली. शिकविणाऱ्यांचे उपकार त्यामुळें कमी होत नाहींत.

१९४८ नंतर समाजाचा मोठा भाग इस्राएलांत गेला; भारतांत कांहीं हजार लोक उरले असून ते बहुतांशीं मुंबई व ठाणें येथें राहतात. इस्राएलांतील भिंगरीवर शीनच्या जागीं पे असतें, म्हणजे 'तेथें' ऐवजीं 'येथें'. तिकडच्या नातलगांनीं पाठविलेली भिंगरी हातांत घेऊन आमच्या धाकट्यानें विचारलें, "आपल्यावर 'तेथें' कां? आपल्याकडे कांहींच झालें नाहीं का?" आम्ही क्षणभर निरुत्तर झालों. मग त्यास म्हटलें, "बाळ, चमत्कार तेथें झाला, म्हणून तसें लिहितात. पण कोंकणांत इतकीं शतकें आपला घाणा शनिवारीं बंद राही, आणि तो चालविण्याचा हुकूम कोणी केला नाहीं. त्याला अक्षर नाहीं, म्हणून तो विसरावयाचा नाहीं."

म्हणूनच आम्ही दिवे आंतल्या खोलींत न ठेवितां रस्त्याकडील खिडकींत ठेवितों. शास्त्राची आज्ञाही तशीच आहे : दिवे येणाऱ्याजाणाऱ्यास दिसावे. तेव्हां पुढील हनुक्क्यास मुलांनीं जिन्यावर थांबूं नये, आंत यावें. चिंचोके मात्र आपापले आणावे.