श्वानांतील आनुवंशिक अंधत्व व प्रजननपूर्व परीक्षा

अकोला-वाशीम मार्गावरील मेडशीसारख्या गावी राखणीच्या कुत्र्याचा खरा उपयोग रात्री. जालपटलाच्या वाढत्या क्षयात नेमकी रात्रीचीच दृष्टी प्रथम जाते; कारण मंद प्रकाशात कार्य करणाऱ्या दंडपेशी आधी नष्ट होतात, शंकुपेशी मागाहून. कुत्रा लॅब्रेडॉर असेल तर हा क्षय बहुधा वयात आल्यावर काही वर्षांनी लक्षात येतो. तोवर त्याची पिल्ले घरोघरी गेलेली असतात. केवळ डोळे पाहून केलेली निवड म्हणूनच अपुरी ठरते.

या क्षयाच्या एका प्रमुख प्रकाराचे मूळ २००६ साली उघड झाले : श्वानाच्या नवव्या गुणसूत्रावरील एका जनुकात केवळ एका क्षारकाचा बदल. तोच बदल एका अंध होत चाललेल्या मानवी रुग्णातही आढळला, हे विशेष. दोष अप्रभावी असल्याने एकच सदोष प्रत बाळगणारा वाहक आयुष्यभर डोळस राहतो. परंतु दोन वाहकांच्या संयोगातून सरासरीने चौथा हिस्सा संतती रोगग्रस्त निपजते. गालाच्या आतील पेशींवरूनही वाहक ओळखता येतो, आणि तो नमुना टपालाने धाडता येतो.

वाहकास प्रजननातून सरसकट वगळणे मात्र इष्ट नव्हे. निर्दोष जोडीदाराशी संयोग झाल्यास निम्मी पिल्ले वाहक होतील, पण रोगग्रस्त एकही नाही. उलट उत्तम जनावरे गाळीत गेल्यास निकटसंबंधी प्रजनन वाढून दुसरेच दोष डोके वर काढतात. शिवाय ही परीक्षा एका जनुकापुरतीच असते. आयरिश सेटर जातीतील अंधत्वाचे १९९३ मध्ये ज्ञात झालेले उत्परिवर्तन सर्वस्वी निराळ्या जनुकात आहे.