कॅमेऱ्यात दिसली, म्हणजे नेमकं काय दिसलं?



आजचा विषय मी निवडला नाही. तो आपल्या सगळ्यांच्या मोबाइलवर आपणहून आला होता, म्हणून बोलते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या एका गटातल्या ताईंची मुलगी कामावरून घरी आली नाही. मुलगी वीस वर्षांची. शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला. सहाला सुटते, सातपर्यंत घरी. त्या दिवशी नऊ वाजले, दहा वाजले, फोन बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळेला सगळ्या ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला. सांगली फाट्याजवळच्या एका दुकानाच्या कॅमेऱ्यातला, अर्ध्या मिनिटाचा. तोंडाला स्कार्फ बांधलेली एक मुलगी रस्त्याकडेला उभी राहते, मोटारसायकल येते, ती मागं बसते आणि जाते. खाली कुणीतरी लिहिलेलं, 'सापडली बघा.'

दुपारपर्यंत त्या मोटारसायकलवाल्याचं गाव ठरलं, जात ठरली, कधीपासून चाललं होतं तेही ठरलं. मीसुद्धा तो व्हिडिओ तीनदा बघितला, खोटं कशाला बोलू? आईला दाखवल्यावर ती म्हणाली, "स्कार्फ तर तिच्यासारखाच हाय." झालं. घरची सगळी माणसं त्या गाडीच्या मागं लागली. नंबर अर्धा दिसत होता, तेवढ्यावर दोन गावं पालथी घातली. इकडं मैत्रिणींकडं, नातेवाइकांकडं चौकशी करायची राहूनच गेली.

मुलगी इचलकरंजीत मैत्रिणीच्या घरी होती. लग्नावरून घरात बोलाचाली झाली होती, म्हणून निघून गेली होती. तिसऱ्या दिवशी मैत्रिणीची आईच तिला घेऊन पोलीस ठाण्यात आली. आणि व्हिडिओतली? ती वेगळीच मुलगी होती. शेजारच्या गावची, भावाच्या गाडीवरून घरी चाललेली. तिनं नंतर कामावर येणं बंद केलं.

त्यानंतरच्या बैठकीत एका मावशींनी मला विचारलं, "अगं, पण कॅमेरा काय खोटं बोलतो का?" हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटला. कॅमेरा खोटं बोलत नाही. पण तो बोलतच नाही. बोलतो आपण, आणि म्हणतो की कॅमेऱ्यानं सांगितलं.

आधी हे यंत्र काम कसं करतं ते बघू. दुकानाबाहेर दिसतो तो नुसता डोळा. चित्र साठतं आत काउंटरखाली ठेवलेल्या डब्यात. त्याला डीव्हीआर म्हणतात. त्यात एक डिस्क असते. ती भरली की जुनं चित्र आपोआप पुसलं जातं आणि त्यावर नवं चढतं. डिस्क केवढी, कॅमेरे किती, यावर दिवस ठरतात. आपल्याकडच्या साध्या दुकानात बहुधा पंधरा दिवस ते महिनाभर. म्हणजे कुणी मुद्दाम पुसायची गरज नाही, वेळच पुसून टाकते.

त्या डब्यातलं घड्याळही स्वतंत्र असतं. वीज जाऊन येऊन, नाहीतर आतला सेल संपून ते मागंपुढं होतं. चित्रावर ७.४० दिसलं म्हणून खरंच तेव्हा ७.४० वाजले होते असं नाही. म्हणून नीट तपास करणारे पोलीस डीव्हीआरचं घड्याळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून घेतात.

तिसरी गोष्ट रंगाची. अंधार पडला की बहुतेक कॅमेरे डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडावर चालतात आणि चित्र काळं-पांढरं होतं. त्या उजेडात काही गडद कापडं फिकट दिसतात. काळा सिंथेटिक ड्रेससुद्धा राखाडी, पांढरट दिसू शकतो. त्यात कॅमेरा उंचावर, चेहरा वरून, तोंडाला स्कार्फ. आपल्या भागात ऊन, धूळ आणि फाउंड्रीची काजळी, त्यामुळं दहातल्या आठ मुली स्कार्फ बांधतात. स्कार्फवरून ओळखायचं म्हटलं तर सगळ्या एकच.

आणि आपल्याला आलेला व्हिडिओ तर डब्यातलाही नव्हता. दुकानात टीव्हीवर चालू असताना कुणीतरी मोबाइलनं तो काढला होता. चित्राचं चित्र, ते व्हॉट्सअॅपवर जाऊन आणखी दाबलेलं. गाळावर गाळणी लावावी तसं. बैठकीत सगळ्या म्हणत होत्या, "पोलिसांनीच सोडलं असणार." पोलिसांना त्याचा पत्ताही नव्हता.

आता मोठी गोष्ट सांगते. मुंबईतली, २०१४ सालची.

आंध्र प्रदेशातल्या मछलीपट्टणमची २३ वर्षांची मुलगी मुंबईत संगणक कंपनीत नोकरीला होती. नाताळच्या सुट्टीला गावी गेली होती. ४ जानेवारीला विजयवाड्याहून गाडीत बसली आणि ५ जानेवारीला पहाटे कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसला उतरली. त्यानंतर तिचा फोन लागेना. तिचं नाव तेव्हा सगळ्या वाहिन्यांवर आलं. मी ते घेणार नाही, का ते पुढं सांगते. १६ जानेवारीला पूर्व द्रुतगती महामार्गाकडेच्या झुडपांत तिचा मृतदेह सापडला.

स्टेशनच्या कॅमेऱ्यांत ती एका माणसाबरोबर चालत बाहेर जाताना दिसली. हे दृश्य टीव्हीवर पुन्हा पुन्हा दाखवलं गेलं. आणि मग सुरू झालं. ती घाबरलेली दिसत नाही, म्हणजे ओळखीचाच असणार. अनोळखी असता तर बरोबर चालली असती का? मैत्रिणींनो, तुम्हीच सांगा, पहाटे स्टेशनवर उतरल्यावर रिक्षावाला, टॅक्सीवाला 'चला मॅडम' म्हणत पुढं चालतो तेव्हा आपण त्याच्यामागून चालत नाही का? त्या क्षणाचं चित्र काढलं तर आपणही 'ओळखीच्या माणसाबरोबर' दिसू. पुढं खटल्यात सरकारी पक्षाचं म्हणणं हेच होतं की, घरी सोडतो असं सांगून तिला नेलं. चित्रात पावलं दिसतात. मनात काय होतं, ते काय बोलले, ती कशावर विश्वास ठेवून निघाली, यातलं काहीच चित्रात नसतं.

मार्चमध्ये एकाला अटक झाली. २०१५ मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयानं त्याला फाशी सुनावली. डिसेंबर २०१८ मध्ये उच्च न्यायालयानं ती कायम केली. आणि २८ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी, भूषण गवई, प्रशांत कुमार मिश्रा आणि के. व्ही. विश्वनाथन यांनी, त्याची निर्दोष मुक्तता केली. जवळजवळ अकरा वर्षं आत राहून तो माणूस सुटला.

कारणं अनेक होती. साक्षीदारांवर न्यायालयाचा विश्वास बसला नाही, दुसऱ्यापाशी दिल्याची सांगितलेली कबुलीही टिकली नाही. पण आपल्या विषयाचं कारण असं की, साऱ्या देशानं टीव्हीवर बघितलेलं ते फुटेज न्यायालयाला पुरावा म्हणून धरताच आलं नाही. कारण त्याला जोडायचं प्रमाणपत्र दिलेलं नव्हतं.

एक कागद! पण तो कागद का लागतो ते समजून घेऊ. संगणकातलं चित्र कापता येतं, जोडता येतं, वेळ बदलता येते. म्हणून कायदा म्हणतो, ज्याच्या ताब्यात ते यंत्र आहे त्यानं लिहून द्यावं की हे याच यंत्रातून काढलं आणि यंत्र तेव्हा नीट चालत होतं. जुन्या पुरावा कायद्यात हे कलम ६५-ब होतं. १ जुलै २०२४ पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात ते कलम ६३ आहे. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. शिवाय त्या फाइलचा 'हॅश' म्हणून एक लांबलचक आकडा लिहावा लागतो. पाकिटावर लाखेचा शिक्का मारतो तसाच तो समजा. फाइलमध्ये तीळभर बदल झाला तरी आकडा बदलतो.

गंमत अशी की, हे प्रमाणपत्र सक्तीचंच आहे असा पक्का निकाल २०२० मध्ये आला तो आपल्याच राज्यातल्या, जालन्याच्या निवडणुकीच्या भांडणातून. उमेदवारी अर्ज वेळेत भरला की वेळ टळल्यावर, हे सरकारी कचेरीतल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. तिथं आमदारकीचा प्रश्न होता. इथं एका मुलीच्या जिवाचा. मुंबईच्या त्या पहाटे नक्की काय झालं आणि कुणी केलं, याचं उत्तर तिच्या आईवडिलांना न्यायालयातून आजही मिळालेलं नाही.

मुंबई लांब वाटत असेल तर आळते जवळ आहे, आपल्याच हातकणंगले तालुक्यात. तिथल्या अश्विनी बिद्रे सहायक पोलीस निरीक्षक होत्या. एप्रिल २०१६ मध्ये नवी मुंबईतून त्या बेपत्ता झाल्या. अपहरणाचा गुन्हा नोंद झाला जानेवारी २०१७ मध्ये, अटक झाली त्याच वर्षीच्या डिसेंबरात. २१ एप्रिल २०२५ रोजी पनवेलच्या न्यायालयानं पोलीस खात्यातल्याच वरिष्ठ निरीक्षक अभय कुरुंदकरला जन्मठेप दिली. मृतदेह शेवटपर्यंत मिळाला नाही. घरच्यांनी नऊ वर्षं सोडलं नाही म्हणून हा निकाल लागला. गुन्हा नोंदवायलाच नऊ महिने गेले, हे लक्षात घ्या आणि मघाशी सांगितलेला दुकानातला डबा आठवा. पंधरा दिवस, फार तर महिना. जी स्वतः पोलीस होती तिच्या बाबतीत एवढा उशीर, तर आपण 'चार दिवस वाट बघू, बोभाटा नको' म्हणतो तेव्हा किती डबे पुसले जात असतील?

म्हणून कुणी घरी आलं नाही तर त्याच रात्री पोलीस ठाण्यात जायचं. चोवीस तास थांबायला लागतं असा कुठलाही कायदा नाही. ते सिनेमातलं आहे. मोठ्या माणसाची मिसिंग म्हणून नोंद होते. अठरा वर्षांच्या आतलं मूल असेल तर २०१३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार अपहरण धरून गुन्हाच नोंदवायचा असतो. आणि कुठल्याही गुन्ह्याची खबर द्यायला गेल्यावर 'आमची हद्द नाही' असं म्हणून परत पाठवता येत नाही. खबर घेऊन, झिरो नंबरनं नोंदवून त्यांनीच ती पुढं पाठवायची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ते आहे. ठाण्यापर्यंत जाता येत नसेल तर ११२, मुलांसाठी १०९८.

अर्जात एक ओळ मात्र आपण सांगून लिहून घ्यायची, कारण ती बहुधा कुणी सुचवत नाही. 'अमुक रस्त्यावरच्या, अमुक दुकानाच्या, कंपनीच्या गेटच्या कॅमेऱ्याचं अमुक वेळेचं फुटेज पुसलं जाण्याआधी ताब्यात घ्यावं, ही विनंती.' ठाण्याचा शिक्का मारलेली प्रत आपल्याजवळ ठेवायची. दुकानदाराकडं जाऊन 'दादा, डीव्हीआर बंद करू नका, पुसू नका, पोलीस येतील' एवढंच सांगायचं. आपण मोबाइलनं शूटिंग करून आणायचं नाही. बघायला दिलंच तर ओळख पटली की नाही ते तपास अधिकाऱ्याला सांगायचं, गल्लीला नाही.

नाव का घेतलं नाही ते सांगते म्हटलं होतं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. ओळख म्हणजे फक्त नाव नाही. फोटो, गाव, व्हिडिओ, ज्यातून ती कळेल ते सगळं. आणि मुलगी बेपत्ता असते तेव्हा तिच्यावर काय ओढवलंय हे आपल्याला ठाऊकच नसतं. आज पुढं पाठवलेला व्हिडिओ उद्या गुन्हा ठरू शकतो. घरच्यांनी आणि पोलिसांनी दिलेला शोधपत्रिकेचा फोटो पाठवा, सापडल्यावर तोही काढून टाका. हा दुसरा भाग आपण हमखास विसरतो.

जाता जाता, पोलीस ठाण्यातही कॅमेरे हवेतच, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०२० चा आदेश आहे. चित्रीकरण अठरा महिने, निदान वर्षभर तरी ठेवायचं. तक्रार घेतली नाही, हाकलून दिलं, असं झालं तर तारीख आणि वेळ लिहून ठेवा. तोही एक डबाच आहे.

आमच्या गटानं मागच्या महिन्यात एक काम केलं. हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही कामाला जायचा रस्ता काढला, गावातून नागाव, तिथून एमआयडीसीच्या गेटपर्यंत. कुठल्या दुकानाचा कॅमेरा रस्त्याकडं बघतो, कुठल्या बँकेचा, मालकाला फोन कुणी करायचा, ते खुणा करून लिहिलं. मधला उसाचा पट्टा येतो तिथं पान कोरं राहिलं, एकही कॅमेरा नाही. त्या पट्ट्यातून बाया सध्या चौघी-चौघी मिळून येतात, आणि घरी पोचल्यावर एकमेकींना मिस कॉल देतात.