मॉडेल विमानाची बॅटरी : आकडा कोणता पाहावा?

पाच-सहा किलो वजनाचे, पेट्रोलवर चालणारे मॉडेल विमान वळण घेता घेता अचानक नाक खाली करते. खाली उभा असलेला छंदिष्ट रिमोटची काठी मागे ओढत राहतो, पण विमान ऐकत नाही. इंजिन मात्र जोरात चालूच असते. विमान आदळल्यावर ‘सिग्नल गेला’ असे सगळे म्हणतात. पुष्कळदा सिग्नल शाबूत असतो. दगा दिलेला असतो विमानाच्या पोटातल्या छोट्याशा बॅटरीने.

विजेच्या मोटरवर उडणाऱ्या लहान विमानात रिसीव्हरला वीज सहसा मुख्य बॅटरीतूनच मिळते. पेट्रोलच्या विमानात मात्र रिसीव्हर आणि पंख, शेपटी, इंजिन यांना हलवणारे सर्व्हो या एकाच वेगळ्या बॅटरीवर जगतात. सिग्नल तुटला तर इंजिन आपोआप मंद करणारी ‘फेलसेफ’ सोय असते खरी, पण तिलाही हीच वीज लागते. बॅटरी मेली की तीही मेली.

दुकानात गेल्यावर बहुतेक जण बॅटरीवरचा एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तासाचा आकडा पाहतात. तो फक्त साठा सांगतो. गच्चीवरची टाकी मोठी असली तरी पाइप बारीक असेल, तर चार नळ एकदम उघडल्यावर धार पडतेच. बॅटरीचा पाइप म्हणजे तिचा अंतर्गत रोध. निकेल मेटल हायड्राइडचे चार सेल मिळून ४.८ व्होल्ट देतात. समजा, बॅटरी, वायर आणि स्विच यांचा मिळून रोध पाव ओहम आहे. जोरदार कसरतीत सर्व्होंनी एकदम ६ अँपिअर ओढले, तर दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि रिसीव्हरपर्यंत पोहोचतात ३.३ व्होल्ट. अनेक रिसीव्हर साडेतीन व्होल्टच्या आसपासच बंद पडतात. ते पुन्हा चालू होईपर्यंत ताशी ८० किलोमीटर वेगाचे विमान दर सेकंदाला २२ मीटर पुढे जात असते. गंमत अशी, की अवशेषांतून काढलेली बॅटरी मीटरवर पुन्हा ४.८ दाखवते. भार गेला, आरोपी निर्दोष!

मग घ्यावे काय? लहान, साध्या सर्व्होंच्या विमानाला निकेलचे पाच सेल (६ व्होल्ट) पुरतात. पण पेन्सिल सेलच्या आकाराचे सेल मोठ्या डिजिटल सर्व्होंना झेपत नाहीत. शिवाय साधे निकेल सेल नुसते पडून राहिले तरी उतरतात. पेट्रोलच्या मोठ्या विमानाला लिथियम आयर्न फॉस्फेटचे दोन सेल सोयीचे : ६.६ व्होल्ट, कमी रोध, तापण्या-पेटण्याचा धोका कमी. त्यांची खोड एकच. जवळजवळ रिकामे होईपर्यंत व्होल्टेज फारसे हलत नाही, त्यामुळे मीटर पाहून किती शिल्लक आहे ते कळत नाही. चार्जरने परत किती एमएएच भरले, हा आकडाच खरा हिशेब. लिथियम पॉलिमर वजनाला हलकी, पण दोन सेल पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट होतात; ते सोसणारे सर्व्हो नसतील तर रेग्युलेटर लागतो, म्हणजे बिघडणारी आणखी एक वस्तू वाढली. चार्जरवर प्रकार चुकीचा निवडला तर आग लागू शकते. फॉस्फेटचा सेल ३.६ व्होल्टपर्यंत भरायचा असतो, पॉलिमरचा ४.२.

उड्डाणापूर्वी मीटर जोडून दोन्ही काठ्या एकदम, जोरात फिरवाव्यात आणि व्होल्टेज किती खाली जाते ते पाहावे. मागच्या महिन्यापेक्षा जास्त पडत असेल तर बॅटरीवर खापर फोडण्याआधी स्विच आणि कनेक्टरही तपासावेत. इंजिनाच्या थरथरीने तेच आधी झिजतात.