शेवटचे तीन आठवडे



मागच्या महिन्यात आमच्या प्राथमिक विभागातील एक शिक्षिका रजेचा अर्ज घेऊन आल्या. तारीख पाहून आम्ही बोटांवर हिशेब केला. ३७ आठवडे जेमतेम भरत होते. "इतक्या लवकर?" असे विचारल्यावर कळले की घरच्यांनी पंचांगात उत्तम दिवस काढला आहे, आणि त्याच दिवशी ऑपरेशन करून घ्यावे असे चालले आहे. तब्येतीची तक्रार काहीच नाही. "नऊ महिने तर भरलेच ना मॅडम!"

भरले नव्हते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवस, म्हणजे ४० आठवडे मोजतात. आपल्या आज्या 'नऊ महिने नऊ दिवस' म्हणत, ते हिशेबाला बरेच जवळ आहे. ३७ आठवडे म्हणजे साडेआठ महिने.

या उरलेल्या दिवसांत बाळ नुसते बाळसे धरते, असा पुष्कळांचा समज असतो. वजन वाढतेच, २८व्या आठवड्यात किलोभर असलेले बाळ पूर्ण दिवसांचे होईतो अडीच-तीन किलोंचे होते. पण खरे काम आत चालते. ३५व्या आठवड्यात मेंदूचे वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या सुमारे दोन-तृतीयांशच असते. शरीराचे लोह आणि रोगांशी लढणारी आईची प्रतिद्रव्ये बाळाला मिळतात तीही मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत, वारेतून. (आम्ही विज्ञान हिंदीतून शिकलो. तेथे वारेला 'अपरा' म्हणत; 'वार' हा शब्द आम्हाला सुईणीकडून कळला!)

सर्वांत उशिरा तयार होतात ती फुप्फुसे. त्यांच्या बारीक पिशव्या श्वास सोडताना चिकटून मिटू नयेत म्हणून आतून एक साबणासारखा पदार्थ पाझरावा लागतो. तो पुरेसा साठायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. १९५९ साली अमेरिकेत मेरी एलन एव्हरी व जेरे मीड यांनी दाखवले की श्वास लागून दगावणाऱ्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हाच पदार्थ कमी असतो. तरी १९६३ साली राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला, आणि सुमारे दोन किलो वजनाचे ते बाळ दोन दिवसांत गेले. उपाय तेव्हा हातात नव्हता. १९७२ साली न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी प्रसूतीपूर्वी आईला स्टिरॉइड देऊन बाळाची फुप्फुसे लवकर तयार करता येतात हे सिद्ध केले. ते इंजेक्शन आज आपल्याकडेही देतात.

'सातव्याचे जगते, आठव्याचे नाही' हे मात्र खरे नाही. आयुर्वेदात आठव्या महिन्यात ओज अस्थिर म्हटले आहे, जुन्या ग्रीक वैद्यांचाही असाच समज होता. पण आत घालवलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचाच असतो. ३७ आठवड्यांच्या बाळालाही ३९ आठवड्यांच्या बाळापेक्षा श्वासाचा त्रास, कावीळ, दूध नीट न ओढणे हे अधिक आढळते. म्हणून २०१३ पासून अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ ३९ आठवड्यांनंतरच्या बाळालाच 'पूर्ण दिवसांचे' म्हणतात. रक्तदाब, मधुमेह, बाळाची वाढ खुंटणे अशा कारणाने डॉक्टरांनी लवकर सांगितले तर गोष्ट वेगळी. तेथे मुहूर्तासाठी थांबणेही तितकेच चूक.

आणखी एक. 'दिवस भरत आले की बाळ शांत होते' असे समजून काही जणी घरी बसून राहतात. जागा अपुरी पडल्याने हालचालीची तऱ्हा बदलते, पण ती कमी होता कामा नये. कमी वाटली तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री दवाखान्यात जावे.

अभिमन्यूची गोष्ट आपण वर्गात सांगतो. चक्रव्यूहाचे आम्ही सांगू शकत नाही, पण शेवटच्या महिन्यांत बाळ आईचा आवाज ऐकते आणि जन्मताच ओळखते, हे तपासून पाहिलेले आहे. आपल्या या हिंदी गावात मराठीचा पहिला तास असा पोटातच सुरू होतो.

आमच्या सांगण्यावरून त्या शिक्षिका सासूबाईंना घेऊन डॉक्टरांकडे जाऊन आल्या. अर्ज अजून आमच्या टेबलावर आहे. तारखेची जागा त्यांनी खोडून कोरी ठेवली आहे, आणि दुसरी 'ब' चा वर्ग कोणी घ्यायचा हे आम्ही अद्याप ठरवलेले नाही.