आमची येळवस आणि सर्वांत लहान दिवस

आमच्या लातूर जिल्ह्यात येळवस हा फार मोठा सण असतो. पुस्तकात त्याला वेळ अमावास्या म्हणतात. हा सण धाराशिव जिल्ह्यात आणि सोलापूर, बीड, नांदेडच्या काही भागांतही करतात. मार्गशीर्ष महिन्याच्या अमावास्येला तो येतो. त्या दिवशी गावात कोणी राहत नाही. सगळे रानात जेवायला जातात. लातूर शहरातले रस्तेसुद्धा ओस पडतात. ज्यांना शेत नाही त्यांना शेतवाले बोलावतात. माझी आत्या बीदर जिल्ह्यात दिली आहे. तिकडे ह्या सणाला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ.

येळवस थंडीत येते, तेव्हा दिवस लहान असतात. पण तिची इंग्रजी तारीख दर साली बदलते. २०२२ साली ती २३ डिसेंबरला होती, २०२४ साली ३० डिसेंबरला, आणि २०२५ साली १९ डिसेंबरला. कधी कधी ती जानेवारीतही जाते. याचे कारण गुरुजींनी सांगितले. आपले महिने चंद्रावर चालतात. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत संपतात. म्हणून सण दर साली अकरा दिवस मागे येतात, आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे जातात.

सर्वांत लहान दिवस मात्र सूर्यावर ठरतो. तो २१ किंवा २२ डिसेंबरला येतो. गुरुजींनी अंधाऱ्या खोलीत चेंडू आणि बॅटरी घेऊन दाखवले. पृथ्वी सरळ उभी फिरत नाही, ती साडेतेवीस अंशांनी कललेली असते. डिसेंबरात आपली बाजू सूर्यापासून पलीकडे कललेली असते. सूर्य मकरवृत्तावर असतो. त्यामुळे तो आपल्याला दक्षिणेकडे खाली दिसतो आणि लवकर मावळतो. आमच्याकडे तेव्हा दिवस सुमारे ११ तासांचा असतो. जूनमध्ये तो सव्वातेरा तासांचा असतो.

हे आम्ही शाळेत मोजून पाहिले. एक मीटर लांबीची सरळ काठी मैदानात उभी रोवली. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडा ठेवला. सावली सर्वांत आखूड झाली ती बाराला नाही, तर बारा वीसच्या सुमारास. कारण आपले घड्याळ ज्या रेषेवर लावतात ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते आणि आपण तिच्या पश्चिमेला आहोत. सूर्य तिकडे आधी डोक्याशी येतो.

२१ डिसेंबरला रविवार होता म्हणून आम्ही २२ ला सावली मोजली. ती ८९ सेंटीमीटर भरली. मग दर सोमवारी दुपारची सर्वांत आखूड सावली मोजली. २९ डिसेंबरला ८९, ५ जानेवारीला ८७ आणि १२ जानेवारीला ८४. म्हणजे सूर्य आठ दिवस थांबल्यासारखा झाला आणि मग उत्तरेला सरकू लागला. मे महिन्याच्या मध्याला आमच्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तेव्हा दुपारी काठीला सावलीच राहणार नाही. ते आम्ही सुट्टीत बघणार आहोत.

आता येळवशीची कोप कशी करतात ते सांगते. कोप म्हणजे कडब्याची लहान खोपी. तिला एक पाचुंदा लागतो. पाचुंदा म्हणजे पाच पेंढ्या. पेंढ्यांचे बुडखे जमिनीवर फाकवून टेकवायचे आणि शेंडे वर एकत्र बांधायचे. तोंड मोकळे ठेवायचे. वरून नवी शाल किंवा आईचे नवे लुगडे पांघरायचे. आत पाच दगड मांडायचे. दगड आधी धुऊन घ्यायचे, मग त्यांना चुना लावायचा आणि काव कालवून वर पट्टे ओढायचे. हे पाच पांडव. दगड ओढ्यातले गोल निवडले तर चुना चांगला बसतो. आमच्या घरी दगड रंगवायचे काम माझे आणि धाकट्या भावाचे असते.

यंदा आमच्या घरी येळवस होणार की नाही हेच ठरत नव्हते. २०२५ च्या सप्टेंबरात आमच्या भागात अतिवृष्टी झाली. ओढ्याचे पाणी आमच्या खालच्या पट्टीत शिरले. काढणीला आलेले सोयाबीन पाण्यात बसले. पाच एकरांत दोन पोती झाले, तेही काळे. खालच्या पट्टीतली माती खरडून गेली आणि खालचा मुरूम उघडा पडला. कडब्याची गंज भिजून कुजली. रानाला लवकर वापसा आला नाही, म्हणून ज्वारीची पेरणीपण उशिरा झाली.

म्हणून दादा म्हणाले, "यंदा येळवस नको. रानात बघवत नाही. आणि पाव्हण्यांना घालायचं काय?" आई काहीच बोलली नाही. आज्जी म्हणाली, "लेकरा, रानानं दिलं तवा खाल्लं. औंदा दिलं नाही म्हणून त्याच्याकडं पाठ फिरवायची व्हय? आंबील केली तरी बास हाय." दादा उठून बाहेर गेले. संध्याकाळी ते वरच्या वस्तीवरच्या काकांकडून पाच पेंढ्या डोक्यावर घेऊन आले. काकांची गंज उंचावर होती म्हणून वाचली होती. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

येळवशीचा स्वयंपाक आदल्या रात्रीपासून चालतो. आंबील अशी करतात. ज्वारीचे पीठ ताकात कालवून आंबवतात, मग शिजवतात. त्यात लसूण, जिरे, मीठ आणि कोथिंबीर घालतात. ती मातीच्या बिंदगीत भरतात. भज्जी ही सगळ्यात चांगली लागते. तुरीचे कोवळे दाणे, हरभऱ्याचे सोले, वाटाणे, शेंगदाणे, मेथी, चुका, पालक, गाजर असे जे रानात असेल ते घेतात आणि चिंच व बेसन घालून दाट शिजवतात. त्याबरोबर वाफेवर शिजवलेले उंडे असतात आणि गव्हाची खीर असते. यंदा आमचा हरभरा बोटभरच होता, त्याला घाटे कुठून येणार? बांधावरच्या तुरीला मात्र शेंगा होत्या. त्या मी आणि भावाने सोलल्या. बाकीच्या भाज्या शेजारच्या तीन घरांनी वाटून घेतल्या. कोणी मेथी दिली, कोणी गाजरे दिली. आम्ही तूर दिली. अशी चौघांची मिळून भज्जी झाली.

आम्ही कोप वरच्या पट्टीत मांडली. पूजा झाल्यावर दादांनी आंबील आणि भज्जी घेऊन शेताला फेरी घातली. पळसाच्या पानाने ती चारी बाजूंनी पिकावर शिंपडतात आणि मोठ्याने आरोळी देतात. दादा खालच्या पट्टीतही गेले. तिथे पीक नव्हते, नुसता मुरूम होता. तिथेही त्यांनी आंबील शिंपडली. मग सगळे पंगतीला बसले. आमच्याकडे अकरा पाव्हणे आले होते आणि कोणी उपाशी राहिले नाही. दुपारी तीन दगडांच्या चुलीवर दूध उतू घातले. ज्या बाजूला दूध उतू जाते त्या बाजूचे पीक चांगले येते असे आज्जी म्हणते. ते खालच्या पट्टीकडे उतू गेले. अंधार पडल्यावर कडब्याचा हेंडगा पेटवून शेताभोवती फिरवला. अमावास्येच्या काळोखात साऱ्या शिवारात असे जाळ दिसत होते.

पूजेनंतर उरलेल्या धाटांची आम्ही बैलगाडी करतो. ती अशी करावी. वाळलेले जाड धाट घ्या. वरची टणक साल काढून तिच्या बारीक काड्या करा. साल ब्लेडसारखी कापते, म्हणून मोठ्या माणसाकडून काढून घ्या. आतला पांढरा भेंड मऊ असतो. त्याचे दोन लांब तुकडे म्हणजे गाडीच्या दांड्या. मध्ये सालीच्या काड्या आडव्या टोचा, म्हणजे साटी तयार होते. भेंडाच्या दोन गोल चकत्या ही चाके. त्यांच्यातून एक काडी आस म्हणून घाला. बैलाला काड्यांचे पाय आणि बाभळीच्या काट्यांची शिंगे लावा. खिळा नाही, डिंक नाही, पैसा लागत नाही. आता आमच्याकडे सोयाबीन फार आणि ज्वारी कमी झाली आहे. त्यामुळे पुष्कळ मुलांना ही गाडी येत नाही. मला आज्जीने शिकवली.

येळवशीनंतर संक्रांत येते. संक्रांतीपासून दिवस मोठा होतो असे सगळे म्हणतात. पण आमची सावली तर त्याआधीच आखूड होऊ लागली होती. गुरुजी म्हणाले की, सुमारे सतराशे वर्षांपूर्वी हे दोन्ही दिवस एकत्र येत असत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, म्हणून सुमारे बहात्तर वर्षांत एक दिवसाचे अंतर पडते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ ला झाला तेव्हा त्याच दिवशी संक्रांत होती. आता ती १४ किंवा १५ जानेवारीला येते. आज्जी म्हणते की संक्रांतीपर्यंत सकाळी उजाडत नाही. तेही खरे आहे. दिवस वाढतो तो आधी संध्याकाळच्या बाजूने वाढतो. सकाळचा सूर्य जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिराच उगवतो.

आता ज्वारी माझ्या गुडघ्याच्या वर आली आहे. दादा आणि काका मिळून उन्हाळ्यात तलावातला गाळ खालच्या पट्टीत टाकणार आहेत. ज्वारी निघाली की आम्ही काकांच्या पाच पेंढ्या परत देणार आहोत. मुलांनो, तुम्हीही घरी एक काठी रोवून दर सोमवारी सावली मोजा आणि वहीत लिहून ठेवा. ज्यांना धाटाची गाडी शिकायची असेल त्यांनी मधल्या सुट्टीत चिंचेखाली यावे. धाट मी आणीन.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता चौथी